औषधांचा निचरा

शिरेतून दिलेल्या औषधाला पोटाचा उंबरठा ओलांडावा लागत नाही. गोळी घेतली की ती आधी विरघळणार, मग आतड्यातून शोषली जाणार, यकृतात आपली जकात भरणार आणि उरलेला भाग रक्तात पोचणार. सुईवाटे दिलेले औषध ही सगळी नाकी चुकवून थेट रक्तात उतरते. म्हणून अतिदक्षता विभागात शिरेचा मार्ग सगळ्यात खात्रीचा मानतात. पंपावर आकडा लावला की तासाला तेवढेच मिलिग्रॅम आत जाणार, एक थेंब कमी नाही की जास्त नाही.

पण ही खात्री अर्धीच आहे. आत किती गेले ते आपल्या हातात असते. बाहेर किती गेले ते नसते. रक्तातले औषधाचे प्रमाण या दोन्हींवर ठरते. आणि बाहेर जाण्याची वाट पुष्कळदा दुसऱ्याच कुणीतरी अडवलेली किंवा मोकळी केलेली असते. ते दुसरे कुणीतरी म्हणजे शेजारच्या बाटलीतले औषध.

रुग्णाच्या नातेवाइकांचा एक नेहमीचा प्रश्न असतो : "दोन सलाईनं एकदम चालू आहेत, चालतं ना?" प्रश्न भाबडा वाटतो, पण तो अगदी योग्य आहे. बहुतेक वेळा त्यांना भीती असते ती नळीत औषधे एकमेकांत मिसळण्याची. तीही खोटी नाही. सेफ्ट्रायॅक्सोन आणि कॅल्शियम एका नळीत आले तर साका धरतो, आणि नवजात बाळांमध्ये तो जिवावर बेतू शकतो. मात्र साका डोळ्यांना दिसतो, आणि परिचारिकांना त्याचे शिक्षण दिलेले असते. मी लिहितो आहे ते त्याहून वेगळ्या प्रकाराबद्दल. इथे दोन्ही औषधे वेगवेगळ्या हातांतून, वेगवेगळ्या वेळी दिली तरी फरक पडत नाही. त्यांची गाठ पडते ती शरीराच्या दाराशी, बाहेर पडताना.

हौद आणि मोरी

औषधशास्त्रात या बाहेर पडण्याला एक मोजमाप आहे. मराठीत त्याला मी 'निचरा' म्हणतो, कारण शेतकऱ्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. पाऊस दोन्ही शेतांत सारखाच पडतो, पण एका शेतात पाणी साचते आणि दुसऱ्यात साचत नाही, तो फरक निचऱ्याचा.

शास्त्रीय अर्थ थोडा नेमका आहे. दर मिनिटाला किंवा दर तासाला जितके रक्त औषधापासून पूर्णपणे स्वच्छ होते, तितका त्या औषधाचा निचरा. म्हणजे हे मोजमाप मिलिग्रॅममध्ये नसून लिटरमध्ये असते. विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. त्यांना मी हिशेब घालून देतो. समजा, एखादे औषध तासाला ६० मिलिग्रॅम या वेगाने शिरेतून चालू आहे आणि त्याचा निचरा तासाला ६ लिटर आहे. काही काळाने रक्तातले प्रमाण लिटरमागे १० मिलिग्रॅमवर स्थिरावेल. आता पंपाला हातही न लावता निचरा ३ लिटरवर आला तर? प्रमाण चढत चढत लिटरमागे २० मिलिग्रॅम होईल. केस पेपरवर डोस तोच, बाटलीवरचे लेबल तेच, पंपावरचा आकडा तोच. रुग्णाच्या शरीराला मात्र दुप्पट डोस मिळतो आहे.

शिवाय हे लगेच होत नाही. हौदाची मोरी अर्धी तुंबली तरी पाणी काठाशी यायला वेळ लागतो. औषधाचे प्रमाण निम्म्यावर यायला जितका वेळ लागतो, त्याला त्याचे अर्धायुष्य म्हणतात. नवी पातळी गाठायला साधारण चार ते पाच अर्धायुष्ये जावी लागतात. म्हणून दुसरे औषध सोमवारी सुरू होते आणि त्रास बुधवारी दिसतो. तोवर सोमवारचा संबंध कुणाच्या लक्षात राहिलेला नसतो.

मोरी कुठे असते? बऱ्याच औषधांची यकृतात आणि पुष्कळांची मूत्रपिंडात. मूत्रपिंडाचे काम आपण शाळेत 'गाळणी' म्हणून शिकलो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. हृदयातून मिनिटाला निघणाऱ्या सुमारे पाच लिटर रक्तापैकी साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. त्यातून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव गाळला जातो. दिवसाचे होतात १८० लिटर. त्यातला बहुतेक परत रक्तात घेतला जातो आणि लिटर-दीड लिटर लघवी उरते. पण गाळणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग असा की, गाळणीच्या पुढे असलेल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी रक्तातले काही पदार्थ स्वतः उचलतात आणि लघवीत नेऊन टाकतात. १९२३ साली ई. के. मार्शल यांनी फिनॉल रेड नावाच्या रंगद्रव्याच्या साहाय्याने कुत्र्यांमध्ये हे दाखवून दिले. पेशींच्या भिंतीत यासाठी वाहक प्रथिने बसवलेली असतात. गाळणी कुणालाही अडवत नाही, जे बारीक ते खाली पडते. वाहक मात्र हमालासारखा असतो. त्याला हात दोनच. एकाचे ओझे घेतले की दुसऱ्याला थांबावे लागते.

रांगेत उभे राहणाऱ्या औषधांची ही गोष्ट पेनिसिलीनपासून सुरू होते.

लघवीतून परत मिळवलेले औषध

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला शिरेतून पेनिसिलीन दिले गेले. चेहऱ्यावरचा जंतुसंसर्ग चिघळून अंगभर पसरला होता. औषध सुरू होताच ताप उतरला, तो जेवू लागला. पण हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांच्या चमूने महिनोन्‌महिने खपून तयार केलेला साठा अगदी थोडा होता आणि औषध शरीरात टिकत नव्हते. त्याचे अर्धायुष्य जेमतेम अर्धा तास. आत गेलेले बहुतेक पेनिसिलीन काही तासांत जसेच्या तसे लघवीत उतरत होते. म्हणून रुग्णाची लघवी गोळा करून सायकलवरून प्रयोगशाळेत नेत, तिच्यातून पेनिसिलीन काढून घेत आणि तेच त्याला पुन्हा टोचत. पाच दिवसांत साठा संपला. आजार उलटला आणि १५ मार्चला तो गेला.

पेनिसिलीन इतक्या झपाट्याने बाहेर का पडते, याचे उत्तर वर आले आहे. त्याचा सुमारे दहावा हिस्साच गाळणीतून जातो; बाकीचे वाहक उचलून बाहेर टाकतात. मूत्रपिंडात आलेले रक्त एका फेरीतच जवळजवळ स्वच्छ होते. मग युद्धकाळातल्या संशोधकांना साधा विचार सुचला : औषध जास्त बनवता येत नसेल तर आहे ते बाहेर जाऊ देऊ नये. हमालांना दुसरे ओझे द्यावे.

ते ओझे आधीच उपलब्ध होते. मूत्रमार्गाच्या क्ष-किरण चित्रासाठी शिरेतून डायोड्रास्ट नावाचा आयोडीनयुक्त पदार्थ देत. तोही याच वाटेने जातो. १९४३ साली चार्ल्स रॅमेलकँप आणि स्टॅन्ली ब्रॅडली यांनी दाखवले की डायोड्रास्ट दिल्यावर पेनिसिलीनचा उत्सर्ग मंदावतो. पुढच्या वर्षी कार्ल बायर आणि सहकाऱ्यांनी पॅरा-अमायनोहिप्युरिक आम्ल वापरले. मूत्रपिंडातला रक्तप्रवाह मोजण्यासाठी वापरले जाणारे हे निरुपद्रवी द्रव्य शिरेतून सतत चालू ठेवले की रक्तातले पेनिसिलीन वाढत असे. शिरेतून दिलेल्या एका द्रव्याने दुसऱ्याचा निचरा मुद्दाम रोखण्याचा हा वैद्यकातला अगदी सुरुवातीचा प्रयोग.

त्यात एक गंमत होती. दार अडवायला जो उभा केला, तोच त्या दारातून झपाट्याने बाहेर जात होता. त्यामुळे हे आम्ल भरमसाट प्रमाणात, न थांबता द्यावे लागे. पेनिसिलीनची चणचण मिटवण्यासाठी दुसऱ्याच द्रव्याच्या बाटल्यामागून बाटल्या रिकाम्या कराव्या लागत. बायर यांनी शोध सुरू ठेवला : वाहकाला धरून ठेवेल, पण स्वतः लवकर बाहेर जाणार नाही असे काही. आधी कॅरिनामाइड आले आणि १९५१ साली प्रोबेनेसिड. हे पोटातून घ्यायची गोळी होते आणि थोड्या मात्रेत काम करत होते.

तोवर गरज सरली होती. अमेरिकेतल्या मोठमोठ्या किण्वन टाक्यांनी पेनिसिलीन स्वस्त केले होते. आपल्याकडेही पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली आणि पाठोपाठ उत्पादन सुरू झाले. लघवीतून औषध गाळून काढण्याचा काळ मागे पडला. पेनिसिलीन टिकवण्यासाठी लोकांनी उलटी युक्तीही शोधली. बाहेरची वाट अडवण्याऐवजी आतली वाट अरुंद केली. प्रोकेन आणि बेंझाथिन पेनिसिलीन स्नायूत टोचले की तिथून ते हळूहळू झिरपत राहते. प्रोबेनेसिड मात्र गाउटचे औषध म्हणून उरले, कारण यूरिक आम्ल परत रक्तात घेणारी वाटही ते अडवते.

आता उलट बाजू

पेनिसिलीनला अडवता येते, याचा अर्थ पेनिसिलीनही कुणाला तरी अडवू शकते. रांगेत दोघे असतील तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या पुढे उभा असतो. ही बाजू कर्करोगाच्या वॉर्डात समोर आली.

मेथोट्रेक्सेटचे मूळ भीमावरमच्या मातीपर्यंत जाते. तिथे १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधन प्रमुख होते. त्यांच्या गटाने फोलिक आम्लाच्या कामात खोडा घालणारी द्रव्ये बनवली. त्यांतले अमिनोप्टेरिन वापरून सिडनी फार्बर यांनी बॉस्टनमध्ये १९४७-४८ साली रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना काही काळ तरी आजारातून बाहेर काढले. मेथोट्रेक्सेट हे त्याचेच भावंड. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदा १० ते २० मिलिग्रॅम देतात. हाडाच्या कर्करोगात मात्र शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १२ ग्रॅमपर्यंत डोस शिरेतून जातो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी हे १८ ग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे संधिवाताच्या डोसाच्या हजार पटीच्या घरात.

हा डोस एरवी मारकच आहे. तो देता येतो तो दोन गोष्टींच्या भरवशावर. एक, साधारण चोवीस तासांनी सुरू होणारे ल्युकोव्होरिन, जे निरोगी पेशींना वाचवते. दोन, मूत्रपिंड. नव्वद टक्क्यांहून अधिक मेथोट्रेक्सेट लघवीवाटे जाते. म्हणून आधीपासून भरपूर सलाईन देतात, सोडा बायकार्ब देऊन लघवी अल्कधर्मी ठेवतात. कारण आम्लधर्मी लघवीत मेथोट्रेक्सेटचे खडे जमतात आणि नलिकाच बुजतात. २४, ४८, ७२ तासांनी रक्तातले प्रमाण मोजतात. पातळी ठरल्या रेषेखाली येईपर्यंत ल्युकोव्होरिन थांबवत नाहीत. हा सगळा उपचार म्हणजे निचऱ्यावर लावलेली पैज आहे.

अशा रुग्णाला ताप येतो. प्रतिकारशक्ती खालावलेली, जंतुसंसर्गाची शंका. तासाभरात प्रतिजैविक सुरू करायला हवे, आणि हाताशी असलेले नेहमीचे औषध म्हणजे पायपेरासिलिन-टॅझोबॅक्टम. पायपेरासिलिन हे पेनिसिलीनच्याच कुळातले. तेही त्याच हमालांच्या रांगेत उभे राहते. मेथोट्रेक्सेट रक्तात रेंगाळते. जितके रेंगाळते तितकी मूत्रपिंडाला इजा होण्याची शक्यता, आणि इजा झाली की निचरा आणखी मंदावतो. मग तोंडात जखमा, रक्तपेशींची घसरण, नवे जंतुसंसर्ग. प्रत्येकात असे घडते असे नाही. मूत्रपिंड धडधाकट असेल आणि पाणी भरपूर असेल तर पुष्कळ जण निभावून जातात. पण पेनिसिलीन गटातल्या औषधांमुळे मेथोट्रेक्सेट अडकल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत आणि दोन्ही औषधांच्या माहितीपत्रकांत ही सूचना छापलेली असते. म्हणून मेथोट्रेक्सेट अंगात असेपर्यंत शक्य तिथे दुसऱ्या कुळातले प्रतिजैविक निवडतात.

आपल्याकडे यात आणखी दोन नावे जोडायला हवीत, कारण ती कुणी 'औषध' म्हणून मोजतच नाही. पहिले, अंगदुखीसाठी किंवा तापासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन. या जातीची वेदनाशामके मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह कमी करतात आणि वाहकही अडवतात. दुसरे, पँटोप्रॅझोल, म्हणजे 'ॲसिडिटीचे इंजेक्शन'. रुग्णालयात दाखल झालेल्याला ते सकाळी लागलेच पाहिजे असा जणू रिवाज आहे. या गटातली औषधेही मोठ्या डोसाच्या मेथोट्रेक्सेटचा निचरा लांबवू शकतात. आणि त्याची खरोखर गरज आहे का, हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

अडकलेले मेथोट्रेक्सेट मोकळे करण्याचा एक मार्ग २०१२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंजूर केला : ग्लुकार्पिडेज. हे जिवाणूपासून मिळालेले विकर शिरेतून दिले की काही मिनिटांत रक्तातल्या मेथोट्रेक्सेटचे तुकडे पडतात. तुंबलेली मोरी तशीच राहते, पण हौदाला नवे भगदाड पडते. म्हणजे इथेही शिरेतले एक औषध दुसऱ्याचा निचरा बदलते, फक्त वाढवण्याच्या दिशेने. औषध अतिशय महाग आहे. मोरी तुंबू न देणे त्याहून पुष्कळ स्वस्त.

मागचे दार उघडले तर

निचरा वाढला की बरेच, असे वाटू शकते. तसे नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा मेंदूच्या इजेनंतर आकड्या येऊ नयेत म्हणून रुग्णाला शिरेतून व्हॅल्प्रोएट चालू असते. काही दिवसांनी व्हेंटिलेटरवर न्यूमोनिया होतो आणि मेरोपेनेम सुरू होते. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर. पण पुढच्या एक-दोन दिवसांत व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी साठ टक्के किंवा त्याहूनही जास्त घसरते. कधी ती जवळपास शून्याला टेकते.

कारण यकृतात आहे. यकृत व्हॅल्प्रोएटला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडते आणि बाहेर पाठवण्यासाठी बांधून ठेवते. पण एक विकर ही बांधणी सोडून काही व्हॅल्प्रोएट पुन्हा रक्तात आणत असते. म्हणजे नेहमीच्या परिस्थितीत बाहेर निघालेला पाहुणा अंगणातून परत फिरतो. मेरोपेनेमच्या कुळातली औषधे या विकराला निकामी करतात. परत फिरणे थांबते आणि बांधलेले सगळे लघवीवाटे निघून जाते. व्हॅल्प्रोएटचा डोस वाढवून ही घसरण सहसा भरून निघत नाही. मेरोपेनेम थांबवल्यावरही पातळी पूर्ववत व्हायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून प्रतिजैविक बदलणे किंवा आकडीसाठी लेव्हेटिरासिटॅमसारखे दुसरे औषध जोडणे हाच शहाणपणाचा मार्ग.

आणि इथेही तीच दुहेरी कथा. व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या मोठ्या संख्येने घेतलेल्या काही रुग्णांत डॉक्टरांनी जाणूनबुजून मेरोपेनेम देऊन व्हॅल्प्रोएट उतरवल्याच्या नोंदी आहेत. एका वॉर्डात जो अपघात, तोच दुसऱ्या वॉर्डात उतारा. औषधांच्या या संबंधाला स्वतःचा चांगुलपणा नसतो आणि दुष्टपणाही नसतो. तो माहीत असणे आणि नसणे एवढाच फरक.

बेशुद्ध रुग्णाला आकडी आली तर आधी शंका मेंदूवर जाते. स्कॅन होतो, डोस वाढतो. शेजारच्या स्टँडवरच्या मेरोपेनेमच्या बाटलीकडे बोट दाखवायला कुणीतरी हवे असते. मोठ्या केंद्रांत क्लिनिकल फार्मासिस्ट ते काम करतात. लहान गावच्या रुग्णालयात ते काम कुणाच्याच नावावर नसते. व्हॅल्प्रोएटची पातळी मोजायची तर नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत दिवस जातो. अशा ठिकाणी सगळ्यात स्वस्त उपकरण म्हणजे एका कागदावरची पूर्ण यादी : चालू असलेली सगळी औषधे, 'किरकोळ' समजलेली धरून, आणि प्रत्येक कधी सुरू झाले त्याची तारीख. तारीख विशेष महत्त्वाची, कारण हौद भरायला किंवा रिता व्हायला वेळ लागतो हे आपण पाहिलेच.

ही यादी नातेवाईकही ठेवू शकतात. बाहेरच्या डॉक्टरांनी काय दिले, दाखल होण्याआधी आकडीची, सांध्यांची, गाउटची कोणती गोळी चालू होती, मूत्रपिंडाचा आधी काही त्रास होता का, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत नसते. नवे इंजेक्शन सुरू होताना त्यांनी एवढेच विचारावे : "आधीचं जे चालू आहे, ते यानं शरीरात अडकून राहील का, की लवकर निघून जाईल?" हा प्रश्न ऐकून एखादा तरुण डॉक्टर क्षणभर थांबेल, फोनवर औषधांची नावे तपासेल. तेवढे थांबणे पुरेसे असते.